पुष्कळ आणि चांगलं : लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या निमित्तानं



मागच्या व्याख्यानात आम्ही सज्जाद हुसेन यांच्या संगीताबद्दल बोललो होतो. बोलण्याच्या भरात एक वाक्य तोंडून निघून गेलं. मोजकं करणाऱ्यांचंच टिकतं, बाकीचे कारखाने, असं काहीतरी आम्ही म्हणालो. त्यावर एका श्रोत्याचं पत्र आलं. पत्र दोनच ओळींचं होतं. लक्ष्मीकांत-प्यारेलाल म्हणजे कारखाना असेल, तर ‘दोस्ती’ कुठल्या कारखान्यातून आला, एवढंच विचारलं होतं. पत्र वाचून आम्ही थोडे चिडलो, आणि मग चिडलो का याचा विचार करत बसलो. आजचं व्याख्यान त्या चिडण्यातून आलेलं आहे.

एक कबुली आधीच दिलेली बरी. ‘कारखाना’ हा शब्द आम्ही या जोडीसाठी निदान चाळीस वर्षं वापरत आलो आहोत. वर्गात वापरला, संगीत मंडळाच्या गप्पांत वापरला. आमच्या पिढीत तो शब्द वापरला की आपली अभिरुची उच्च आहे हे न बोलता सिद्ध व्हायचं. मदनमोहन, खय्याम, सज्जाद ही नावं घ्यायची आणि लक्ष्मी-प्यारेंचं नाव निघालं की किंचित हसायचं, अशी रीतच होती. आणि गंमत अशी की घरी दाढी करताना आम्ही गुणगुणत असायचो त्यातली निम्मी गाणी त्यांचीच असायची.

तर आधी आकडे पाहू, कारण आकड्यांशिवाय हा विषय नुसता वाफेचा होतो. १९६३ साली ‘पारसमणी’ आला. हा या दोघांचा पडद्यावर आलेला पहिला चित्रपट. १९९८ च्या मे महिन्यात लक्ष्मीकांत गेले. मधली पस्तीस वर्षं आणि चित्रपट सुमारे ५००. भागाकार करा, वर्षाला चौदा चित्रपट पडतात. एका चित्रपटात पाच गाणी धरली तर वर्षाला सत्तर. म्हणजे दर पाच-सहा दिवसांनी एक गाणं, चाल, वाद्यमेळ, तालीम, ध्वनिमुद्रण सगळं धरून, आणि हे पस्तीस वर्षं. दुसऱ्या बाजूला सज्जाद हुसेन. त्यांचे सगळे चित्रपट मिळून विसाच्या आत. दोन्हीकडे मेंडोलिन आहे बरं का. सज्जाद तर त्या वाद्याचे उस्तादच, आणि लक्ष्मीकांत कुडाळकरही तरुणपणी मेंडोलिन वाजवूनच पोट भरत होते. सज्जाद यांचा ‘रुस्तम सोहराब’ आणि या दोघांचा ‘पारसमणी’ एकाच वर्षी, १९६३ मध्ये आले. एकाची कारकीर्द जवळजवळ संपत होती, दुसऱ्यांची सुरू होत होती.

आता आमचं मूळ विधान न्यायशास्त्राच्या भाषेत मांडू. ‘जिथे जिथे विपुलता, तिथे तिथे गुणाचा ऱ्हास.’ ही व्याप्ती खरी आहे का? व्याप्ती मोडायला एक उदाहरण पुरतं. इथे तर उदाहरणांची रांग लागते. शूबर्ट अवघा ३१ वर्षं जगला आणि ६०० च्या वर गीतं मागे ठेवून गेला. हायडनच्या सिंफनी शंभरावर आहेत. बाखकडे आपण थोड्या वेळानं येऊच. व्याप्ती मोडली.

पण नैयायिक इथे थांबत नाहीत, आणि आपणही थांबू नये. त्यांचं जुनं उदाहरण तुम्हाला आठवत असेल. जिथे धूर तिथे अग्नी, हे बरोबर. पण जिथे अग्नी तिथे धूर, हे बरोबर नाही, कारण लालभडक तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी असतो आणि धूर नसतो. मग अग्नीपासून धूर होतो तो कधी? ओल्या लाकडाशी गाठ पडली की होतो. हे ओलं लाकूड म्हणजे ‘उपाधी’. आमच्या मते विपुलतेचं तसंच आहे. विपुलता नुसती असून गुण मरत नाही. कुठलं तरी ओलं लाकूड त्यात पडावं लागतं. ते लाकूड कोणतं, एवढाच आजचा प्रश्न.

सगळ्यांच्या ओठावर असतं ते उत्तर म्हणजे घाई. ते घाईघाईतच बाजूला करता येतं. १९५५ च्या एप्रिलमध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. गदिमा लिहिणार, बाबूजी चाल लावणार, आणि दर आठवड्याला नवं गीत. वर्षभरात ५६ गीतं. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, मालती पांडे, ललिताबाई फडके, गळे किती वेगवेगळे! गीत वेळेवर हातात न आल्याचे, ऐन वेळी चाल बांधल्याचे किस्से महाराष्ट्रानं इतक्या वेळा सांगितले आहेत की आम्ही ते पुन्हा सांगत नाही. मुद्दा एवढाच, की आकाशवाणीची वेळ कुणासाठी थांबत नव्हती. या ५६ गीतांत डावं-उजवं आहेच. आम्हालाही त्यातली चार-पाच गीतं थोडी सपाट वाटतात, ती कोणती हे जाहीर सभेत सांगण्याचं धैर्य आमच्याकडे नाही. पण घाईनं ती रचना बिघडली असं कुणी म्हणणार नाही.

बाखचं तर याहून कठीण. १७२३ मध्ये तो लाइप्झिगला गेला आणि दर रविवारच्या प्रार्थनेसाठी कांटाटा पुरवण्याचं काम त्याच्या गळ्यात पडलं. आठवड्यात रचना करायची, शिष्यांनी आणि घरच्यांनी वादकांसाठी प्रती उतरवायच्या, तालीम व्हायची, रविवारी सादर करायचं, आणि सोमवारी पुन्हा कोरा कागद. काही सणांचे आठवडे सोडले तर वर्षभर हेच. आज आपल्या हाती त्याचे सुमारे २०० धार्मिक कांटाटा आहेत, त्यातले कितीतरी त्या पहिल्या दोन-तीन वर्षांतले. ही रचना कुणी तरी घड्याळाकडे बघत केली आहे, असं ऐकताना कुठेही वाटत नाही.

दुसरं उत्तर म्हणजे पुनरावृत्ती. विवाल्डीनं एकच कॉन्चेर्टो शेकडो वेळा लिहिला, अशी कुचेष्टा स्त्राविन्स्कीच्या नावावर सांगितली जाते. चटकदार आहे, पण अन्यायकारक आहे. स्वतःचंच साहित्य पुन्हा वापरणं हा दोष असेल तर बाखच आधी गुन्हेगार ठरेल. १७३३ मध्ये राजघराण्याच्या समारंभांसाठी केलेलं संगीत त्यानं पुढच्याच वर्षी नाताळच्या ओरेटोरियोत घेतलं, शब्द बदलून. आणि आपल्याकडे तर एका रागाची तीच बंदिश आयुष्यभर गाणाऱ्याला आपण श्रेष्ठ म्हणतो. पुन्हा वापरणं हे काही ओलं लाकूड नव्हे.

तिसरं उत्तर जरा गंभीर आहे. कांटनं १७९० मध्ये प्रतिभेचा सिद्धान्त मांडला. प्रतिभावंत नियम पाळत नाही, त्याच्यातून निसर्गच कलेला नियम देतो, अशा आशयाचा. पुढच्या शतकात या विचाराचं जे लोकप्रिय रूप झालं, त्यात प्रतिभा म्हणजे क्वचित पडणारी वीज ठरली. वीज रोज पडत नाही, तेव्हा रोज काम करणारा प्रतिभावंत असूच शकत नाही. आमच्या पिढीच्या नाक मुरडण्याच्या मागे हे होतं, आम्हाला ते कळत नव्हतं इतकंच. आपल्या मम्मटाचं म्हणणं किती वेगळं आहे पाहा. शक्ती, निपुणता आणि अभ्यास ही तीन वेगवेगळी कारणं नाहीत, तिन्ही मिळून काव्याचं एकच कारण, असं तो म्हणतो. म्हणजे अभ्यास हा प्रतिभेच्या जिन्याखालचा नोकर नाही, तो कारणाच्या आतच आहे. ॲरिस्टॉटलही तेच सांगतो, वीणेसारखं ते लायर नावाचं वाद्य वाजवून वाजवूनच माणूस वादक होतो. या दृष्टीनं पाहिलं तर पाचशे चित्रपट केल्यामुळे लक्ष्मी-प्यारे बिघडले असतील यापेक्षा घडले असतील ही शक्यता जास्त.

आता इथे जरा आमच्याबद्दल. आम्ही पस्तीस वर्षं शिकवलं आणि त्या काळात तीन पुस्तकं लिहिली. त्याला आम्ही ‘कसून काम करणं’ म्हणत आलो. सहकारी दरवर्षी एक पुस्तक काढायचे, आम्ही त्यांच्याकडे पाहून मान हलवायचो. आज वयाच्या या टप्प्यावर खरं सांगायला हरकत नाही. तिसऱ्या पुस्तकाला बारा वर्षं लागली त्यातली निदान सात वर्षं ते फडताळात बांधून ठेवलेलं होतं, आणि ते हातात घ्यायचा आम्हाला कंटाळा होता. थोडं केलं म्हणून चांगलं केलं, असं होत नाही. सज्जाद यांच्याबद्दलसुद्धा हे विसरू नये. त्यांच्या कडक स्वभावाचे, वादकांना आणि निर्मात्यांना सुनावल्याचे किस्से सगळ्यांना माहीत आहेत. त्यांचं काम थोडं राहिलं याचं एक कारण त्यांचा कान होता, आणि दुसरं कारण, कामच येईनासं झालं. ‘रुस्तम सोहराब’मधलं सुरैयांचं आणि लताबाईंचं गाणं ऐकल्यावर आम्हाला आजकाल आनंदाच्या पाठोपाठ थोडी चीडही येते. हा माणूस आणखी पन्नास चित्रपट करता तर काय काय झालं असतं!

बरं, मग ओलं लाकूड कोणतं? आमचं उत्तर असं की नकार नाहीसा होणं. कुठलीही चाल जन्मली की तिला कुणी तरी ‘नाही, पुन्हा’ म्हणणारं असावं लागतं. हे म्हणणारा कलावंत स्वतः असू शकतो, दिग्दर्शक असू शकतो, आणि यावर आम्ही भर देऊ इच्छितो, माणूस नसून एखादी वस्तुस्थितीही असू शकते.

‘गीतरामायणा’त नकार कुणी दिला? आठवड्याला गीत म्हणजे परत पाठवायला वेळच नाही. पण कथा नकार देत होती. या आठवड्यात दशरथाचा शोक, पुढच्या आठवड्यात शूर्पणखा, त्यापुढे सेतू बांधणारे वानर. मागच्या आठवड्याची चाल या आठवड्याला चालूच शकत नव्हती. बाखच्या बाबतीतही दर रविवारचं बायबलमधलं वाचन ठरलेलं असायचं आणि ते दर रविवारी वेगळं असायचं. पाठच त्याला नव्या वाटेनं ढकलत होता.

आता लक्ष्मी-प्यारेंकडे या कसोटीनं पाहा, म्हणजे चित्र उलगडतं. साठ-सत्तरच्या दशकांत ध्वनिमुद्रण कसं व्हायचं? गायक, कोरस, व्हायोलिनांची रांग, ढोलक-तबला, सगळे एका वेळी एका जागी. गाणं सुरू झालं की शेवटपर्यंत. तिसऱ्या अंतऱ्यात एक बासरी चुकली तर सगळा ताफा पुन्हा पहिल्यापासून. ही वस्तुस्थितीच नकार देणारी होती. प्यारेलाल तर या ताफ्यातच वाढलेले. वडील रामप्रसाद शर्मा ट्रंपेट वाजवायचे, व्हायोलिन आणि पाश्चात्त्य पद्धतीचं लेखन त्यांनी गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडून घेतलं. १९७७ च्या चित्रपटातल्या त्या प्रसिद्ध गाण्यात गुरूचं नाव आलं आहे ते असं. कागदावर प्रत्येक वाद्याचा भाग आधी लिहिलेला असला की चूक कुठे आहे हे लगेच कळतं. मांडणी लिखित असणं हाही एक नकारच.

आणि दिग्दर्शक. ‘अमर अकबर अँथनी’ घ्या. मनमोहन देसाईंना आम्ही विचारवंत म्हणणार नाही, पण त्यांच्या मागण्या पाहा. एकाच गाण्यात रफी, किशोर, मुकेश आणि लता असे चौघे. त्याच चित्रपटात एक कव्वाली, एक साईबाबांचं भक्तिगीत, आणि अंड्यातून बाहेर येऊन इंग्रजीचा फडशा पाडणारा अँथनी. एक चाल दुसऱ्याच्या जागी बसणं शक्य नाही. पुढच्या वर्षी राज कपूर यांचा ‘सत्यम शिवम सुंदरम’. १९७७ ते १९८० या सलग चार वर्षांच्या चित्रपटांसाठी फिल्मफेअर याच जोडीला मिळालं आहे. पुरस्कारांना आम्ही फार मान देत नाही, तथापि ही चार वर्षं त्यांच्या सर्वांत गर्दीच्या वर्षांपैकी होती हे नोंदवलं पाहिजे.

मग ऐंशीचं दशक. इथे आमच्या जुन्या मताला थोडा आधार आहे, तो आम्ही सोडत नाही. त्या दशकातली त्यांची पुष्कळ गाणी आज ऐकवत नाहीत. ढोलकाचा तोच ठेका, व्हायोलिनांची तीच धावपळ, मुखडा संपण्याच्या आत पुढचं सगळं कळतं. पण असं का झालं? चित्रपटच एकमेकांच्या प्रती होते. नायक, सूड, हरवलेली आई, बागेतलं एक गाणं, खलनायकाच्या अड्ड्यावरचं एक. ही परिस्थिती काहीच नाकारत नाही, तिला कुठलीही चाल चालते. निर्मात्याला पाच गाणी वेळेत हवीत, नाव हवं. यंत्रं बदलली, वेगवेगळे भाग वेगवेगळ्या वेळी ध्वनिमुद्रित होऊ लागले, एक चूक झाली तर तेवढीच दुरुस्त. चौथ्यांदा सगळ्यांनी एकत्र वाजवण्याची शिक्षा गेली, आणि शिक्षेबरोबर चौथ्या खेपेला सुचणारी ती एखादी जागाही गेली.

त्यांचा झरा आटला होता असं मात्र म्हणू नका. कारण याच काळाच्या मधोमध, १९८४ साली, ‘उत्सव’ आहे. शशी कपूर निर्माते, गिरीश कार्नाड दिग्दर्शक, शूद्रकाच्या ‘मृच्छकटिका’ची कथा, आणि गीतं आपल्या वसंत देवांची. ते संगीत ऐका. लता आणि आशा या दोघी बहिणी एका गाण्यात एकत्र आहेत, सुरेश वाडकरांचं संध्याकाळचं गाणं आहे, अनुराधा पौडवालांचं आहे. वाद्यमेळ कमी, जागा मोकळ्या, शब्दांना श्वास. ऐंशीतला तो नेहमीचा ठेका एकदाही कानावर पडत नाही. आणि हे करणारी माणसं त्याच वर्षी इतर कितीतरी चित्रपटांसाठी तो नेहमीचा ठेका पुरवत होती! सकाळी एक आणि दुपारी दुसरं. वसंतसेनेच्या काळाला बागेतलं गाणं चालणार नव्हतं, कार्नाडांना चालणार नव्हतं, देवांच्या शब्दांना चालणार नव्हतं. तीन दारं बंद होती, म्हणून चौथं उघडावं लागलं.

‘उत्सव’ आम्ही त्या वर्षीच पाहिला होता. गाणी आवडली होती. संगीत कुणाचं हे पाट्यांत वाचलंही होतं. आणि तरी पुढची पस्तीस-चाळीस वर्षं ‘कारखाना’ म्हणत राहिलो. डोळ्यांसमोर विरुद्ध उदाहरण असताना व्याप्ती धरून ठेवणं ही तर्कशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला शोभणारी गोष्ट नाही. त्या दोन ओळींच्या पत्रानं चिडायला झालं ते बहुधा म्हणूनच.

एक शंका तुम्ही घेण्याआधी आम्हीच घेतो. गुणवत्ता टिकली का, हे मोजायचं कसं? सरासरीनं की शिखरानं? सज्जाद यांची सरासरी लक्ष्मी-प्यारेंपेक्षा वरची आहे, यात आम्हाला संशय नाही. वीसातली अठरा गाणी ऐकण्यासारखी आणि अडीच-तीन हजारांतली तीनशे ऐकण्यासारखी, असं समजा. आकडे आमच्या मनातले आहेत, त्यांवर भांडू नका. फलंदाजाच्या बाबतीत आपण सरासरी पाहतो, कारण प्रत्येक वेळी बाद होण्याची किंमत संघ मोजतो. पण वाईट गाण्याची किंमत कोण मोजतो? ते विसरलं जातं. १९८५ चं एखादं टुकार गाणं १९६४ च्या ‘दोस्ती’मधल्या रफींच्या गाण्याला मागे जाऊन डाग लावू शकत नाही. श्रोत्याच्या हिशेबात, आमच्या मते, ती तीनशे गाणी उरतात आणि त्याबद्दल कृतज्ञ असावं. कलावंताच्या हिशेबात मात्र उरलेली हजारोही असतात. स्वतः साधारण म्हणून ओळखलेली चाल हातावेगळी करून पुढच्या बैठकीला जाताना त्या माणसाला काय वाटत असेल, हे आम्हाला सांगता येणार नाही. फडताळातल्या पुस्तकावरून थोडी कल्पना येते, पण ती उलट्या बाजूनं.

जाता जाता आमच्याच सिद्धान्तातलं एक भोक दाखवतो, नाहीतर तुम्ही दाखवालच. भोक म्हणजे ‘पारसमणी’. बाबूभाई मिस्त्रींचा जादूचा, पोशाखी, कमी खर्चाचा चित्रपट. त्यात काही नाकारण्यासारखं नव्हतं. परिस्थिती ठरीव, नट फारसे नावाजलेले नाहीत, कुणाला संगीताची मोठी अपेक्षा नव्हती. आमच्या कसोटीप्रमाणे संगीत जेमतेम व्हायला हवं होतं. आणि झालं काय? आम्ही शाळेत होतो. त्या वर्षी गणपतीच्या मांडवात कर्ण्यावरून तीच गाणी दिवसभर, आणि बुधवारी रात्री सिलोनवर बिनाकालाही तीच. मग तिथे ‘नाही, पुन्हा’ कोण म्हणालं? विशीतली, पंचविशीतली दोन मुलं, लहानपणापासून दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांत वाजवून घर चालवणारी, इतरांचे सहायक राहिलेली. दुसऱ्यांच्या हजार चाली वाजवताना ‘आपण असं केलं नसतं’ हे मनात साठत गेलं असेल, तो नकार ‘पारसमणी’त बाहेर आला, असं म्हणता येईल. पण हा अंदाज झाला. मग पुढे तो आतला नकार कुठे गेला, आणि ‘उत्सव’मध्ये बाहेरून मागितल्यावर लगेच कसा परत आला, याचं उत्तर आमच्याजवळ नाही.

तेव्हा ज्यांना सवड असेल त्यांनी एवढं करावं. आधी ‘पारसमणी’ ऐकावा, मग १९८० नंतरचं त्यांचं कुठलंही, हाताला लागेल ते, आणि शेवटी ‘उत्सव’. याच क्रमानं. काय वाटलं ते कळवा, पत्र दोन ओळींचं असलं तरी चालेल. आता वीस मिनिटं आहेत, प्रश्न घेऊ. हं, मागे खांबाजवळ हात वर आहे. बोला.